सहल एजंटकडून बुक करावी की स्वतः? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी बेळगावात सहलींचं बुकिंग करते. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवर रेल्वेचा नकाशा, एवढंच ऑफिस. लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि ते विचारायलाच हवेत, कारण पैसे वर्षभर बाजूला टाकलेले असतात. म्हणून उत्तरं इथे नीट लिहून ठेवते आहे. जिथे एजंटची गरज नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

मोबाईलवर सगळं बुक होतं. मग एजंट कशाला?

पुष्कळ वेळा नकोच. बंगळूरचं सरळ विमान, पुण्याची रात्रीची स्लीपर बस, गोव्यात दोन रात्रींचं हॉटेल, हे तुमचं तुम्हाला छान जमतं. तेवढ्यासाठी अर्धी दुपार माझ्याकडे घालवू नका.

गरज पडते ती एकाला एक जोडलेल्या प्रवासात. बेळगावहून रेल्वे, पुढे विमान, पुढे गाडी, चार गावांतली हॉटेलं, बरोबर सत्तरीतले आईवडील आणि सातवीतला मुलगा. यातलं एक चुकलं की पुढचं सगळं कोलमडतं. मोबाईल तारीख विचारतो, माणसं किती ते विचारतो, पैसे कसे भरणार ते विचारतो. आईचा गुडघा दुखतो का, हे विचारत नाही.

माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. अकरा पायऱ्या, जुन्या बांधणीच्या, जरा उंचच. मागच्या वर्षी खानापूरकडचे एक काका-काकू केदारनाथचं बुकिंग करायला आले. पैसे बंगळूरहून मुलाने पाठवलेले, तारखाही त्यानेच ठरवलेल्या. काकू सातव्या पायरीवर थांबल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या, पदराने मान पुसली आणि मग उरलेल्या चार चढल्या. गौरीकुंडापासून केदारनाथची चाल सुमारे १६ किलोमीटरची, सगळी चढण, आणि मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. मी त्या दिवशी बुकिंग घेतलं नाही. काशी, प्रयाग, गया असा प्रवास कागदावर मांडला आणि तिथूनच मुलाला फोन लावला. काकू हळूच म्हणाल्या, "मलाबी काशीच करायची हुती बगा. पर पोरानं ठरवलंय म्हटल्यावर काय बोलू?"

ज्या एजंटने तुम्हाला आजवर एकदाही "हे नको" म्हटलेलं नाही, त्याच्याकडून मी तरी सहल घेणार नाही.

एजंटकडे महाग पडतं ना? तुम्हाला पैसे नेमके कुठून सुटतात?

रेल्वेच्या ई-तिकिटावर अधिकृत एजंटला किती घेता येतात ते ठरलेलं आहे: बिगर-एसीला २० रुपये, एसीला ४० रुपये. त्याहून जास्त कोणी मागितले तर विचारा. विमान कंपन्यांकडून पूर्वी मिळायचं तसं कमिशन आता मिळत नाही, म्हणून आम्ही तिकिटावर सेवाशुल्क लावतो. ते आधी सांगितलेलं असावं आणि बिलावर वेगळं दिसावं. हॉटेलवाले आम्हाला कमी दर देतात. तो दर आणि तुमचा दर यातलं अंतर ही आमची खरी कमाई. गाड्यांचंही तसंच. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी असतो, तोही बिलात दिसला पाहिजे.

साधं विमानाचं तिकीट माझ्याकडे थोडं महागच पडेल. पाच-सहा दिवसांच्या कौटुंबिक सहलीत मात्र हॉटेल आणि गाडीचे दर धरले तर बहुधा बरोबरीत येतं, कधी माझ्याकडे कमी होतं. तुम्ही मोबाईलवरचा दर काढून आणा, मी माझा दाखवते. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. फक्त तुलना करताना नाश्ता, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि जादा गादीचे पैसे दोन्हीकडे धरा. स्वस्त दिसणाऱ्या आकड्यातून यातलंच काहीतरी वगळलेलं असतं.

तत्काळ तिकीट काढून द्याल का?

पहिल्या अर्ध्या तासात नाही. २०२५ च्या जुलैपासून तत्काळची खिडकी उघडल्यावर पहिली तीस मिनिटं एजंटांना बंद असते. एसीसाठी सकाळी १० ते १०.३० आणि बिगर-एसीसाठी ११ ते ११.३०. तेवढ्या वेळात आधार जोडलेल्या स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून तुम्हीच प्रयत्न करा. "आपली आत ओळख आहे, तत्काळ नक्की करून देतो" असं सांगणाऱ्याकडून लांब राहा; ते बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरचं तिकीट असतं.

त्यापेक्षा वेळेवर या. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. आग्रा-मथुरेकडे जायला आपल्याकडून गोवा एक्सप्रेस सोयीची, पण मधल्या स्टेशनला कोटा कमी येतो. म्हणून काही वेळा वास्कोपासूनचं तिकीट काढून बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, बेळगाव ठेवावं लागतं. भाड्यात थोडा फरक पडतो, बर्थ मात्र पक्का होतो. बोर्डिंग बदलायचं विसरलात आणि वास्कोला कोणी चढलं नाही, तर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो.

आईबाबांना लोअर बर्थ मिळेलच ना?

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. सहा जणांचं एकच तिकीट काढतात आणि मग आजीला वरचा बर्थ आला म्हणून गाडीत लोकांना विनवत बसतात. साठ पूर्ण झालेले पुरुष आणि पंचेचाळीस पूर्ण झालेल्या स्त्रिया यांच्यासाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. पण त्या तिकिटावर असा एकच प्रवासी किंवा फार तर दोघे असावे लागतात. तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढायचं, त्याच गाडीत, त्याच दिवशी. डबा वेगळा आला तरी घरातलं एखादं तरुण माणूस रात्री जाऊन बघून येऊ शकतं. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे.

विमान कुठून पकडावं? सांबरा, गोवा, हुबळी की कोल्हापूर?

आपल्या भागाचा हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला तो कळत नाही. आपल्याला चार-पाच विमानतळ जवळ आहेत, आणि कुठलाच प्रत्येक वेळी बरोबर नसतो.

बेळगाव शहरातल्या माणसाला सांबरा, म्हणजे बेळगावचाच विमानतळ, उत्तम. पण तिथून मोजक्या शहरांना विमानं जातात आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ. बैलहोंगल-कित्तूरकडच्यांनी हुबळी बघावं. कारवारच्या लोकांचा रस्ता सरळ गोव्याकडे जातो. बीदर-भालकीच्या माणसाला यातलं काहीच उपयोगाचं नाही, त्यांनी हैदराबादच धरावं.

गोव्याचं तिकीट काढताना तीन इंग्रजी अक्षरं वाचल्याशिवाय पैसे भरू नका. जीओआय म्हणजे दाबोळी, वास्कोजवळचं. जीओएक्स म्हणजे मोपा, उत्तरेला पेडणे तालुक्यातलं, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेलं. दोघांमधला रस्ता तासाभराहून जास्त वेळ घेतो. चोर्ला घाट उतरून मोपाला जायचं की अनमोड उतरून दाबोळीला, हे पहाटे तीन वाजता गाडीत बसल्यावर ठरवायचं नसतं. पावसाळ्यात तर मी दोन तास जादा धरायला लावते. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

तिकिटातला दर आणि घर ते विमानतळ गाडीचा खर्च एकत्र करून बघा. गोव्याहून तिकीट दोन हजारांनी स्वस्त मिळालं आणि टॅक्सीला पाच हजार गेले, असं दर मे महिन्यात कुणी ना कुणी येऊन सांगतं. चौघांचं कुटुंब असेल तर हाच हिशोब उलटा होतो आणि गोवा परवडतो.

पुण्या-मुंबईच्या कंपनीची ग्रुप टूर घ्यावी का?

घ्यावी, आणि मी स्वतः लोकांना देते. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीचं जेवण, पंचवीस-तीस माणसांची सोबत, निवृत्त जोडप्यांना हे फार मानवतं. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांनाही.

पण त्या तारखा महाराष्ट्राच्या शाळा बघून लावलेल्या असतात. तिकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या कर्नाटकातल्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळा मेच्या अखेरीसच. जूनच्या पहिल्या आठवड्यातली टूर स्वस्त दिसली म्हणून घेतली आणि मुलीचा शाळेचा पहिला आठवडा बुडाला, असं नको. तिकडे मोठी सुट्टी दिवाळीची, आपल्याकडे दसऱ्याची. दिवाळीत आपल्या मुलांना चार दिवस जेमतेम मिळतात. याचा एक फायदाही आहे: दसऱ्याच्या सुट्टीत राजस्थान, केरळ, मध्य प्रदेशात महाराष्ट्राची गर्दी अजून सुरू झालेली नसते आणि हॉटेलचे दर दिवाळीइतके चढलेले नसतात. फक्त सिक्कीम-दार्जिलिंग त्या दिवसांत टाळा, दुर्गापूजेच्या सुट्टीत अख्खा बंगाल तिकडे निघालेला असतो.

दुसरं म्हणजे टूर मुंबईहून सुरू होते, तुमच्या दारातून नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम, येताना पुन्हा तेच. जाहिरातीतल्या रकमेत हे धरलेलं नसतं. बंगळूरहून निघणाऱ्या कंपन्यांच्या टूरही बघा. तिथे गाइड कन्नड किंवा हिंदी बोलेल, पण आपल्यातल्या अनेकांना दोन्ही भाषा येतात आणि कधी कधी तारखा जास्त जुळतात.

जेवणाचं काय? "तिकडं भाकरी मिळतीय काय?"

ज्वारीची भाकरी उत्तरेत मिळणार नाही, हे मी आधीच सांगते. पोळी, भात, डाळ सगळीकडे मिळतं. आपल्या माणसाला खरा त्रास होतो तो पंजाबी ग्रेव्हीचा: तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. हॉटेलला आधी कळवलं तर साधी मुगाची डाळ आणि दहीभात करून देतात, आणि ते कळवणं माझं काम. बरोबर शेंगाचटणी, मेतकूट आणि खाकरा ठेवा. कडक उपवास, मधुमेहाच्या जेवणाच्या वेळा, कांदा-लसूण न खाणं हे बुकिंगच्या दिवशीच सांगा. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, जरूर न्या, पण उन्हाळ्याच्या लांबच्या प्रवासात दोन दिवसांत संपवा.

नावाच्या स्पेलिंगवर एवढा वेळ का घालवता?

कारण आपल्याकडे नाव तीन लिप्यांतून फिरून आलेलं असतं. घरी मराठी, मतदार ओळखपत्रावर कन्नड आणि इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर आणखी काही. येळ्ळूरच्या एका मावशींची कार्डं मी टेबलावर ओळीने मांडली होती. आधारवर लक्ष्मी हे नाव इंग्रजी 'एक्स' घालून, पॅनवर 'के-एस-एच' घालून, आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव. तिन्ही कार्डं खरी, तिन्ही त्यांचीच. विमानतळाच्या दारावरचा जवान मात्र तिकीट आणि हातातलं एकच कार्ड बघतो.

म्हणून नियम असा: जे कार्ड प्रवासात नेणार, त्यावरची अक्षरं जशीच्या तशी तिकिटावर. फोनवर नाव सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवा. परदेशाला जाताना पासपोर्टवरचंच नाव, त्याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागातल्या काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. दुबई ज्या देशात येते त्या यूएईने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाही. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, हा खुलासा नंतर आला. दुबईचं ठरवण्याआधी पासपोर्ट उघडून बघा. जन्मस्थळापुढे 'बेळगाम' छापलंय म्हणून मात्र घाबरू नका. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याने मुदतीतला पासपोर्ट बाद होत नाही.

केदारनाथचं हेलिकॉप्टर, तिरुपतीचं दर्शन यांची सोय होते का?

मी करत नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं, आणि त्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं काढून लोकांना लुबाडतात. चारधामला आधी यात्रेची नोंदणी करावीच लागते. तिरुपतीचं ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन देवस्थानच्याच संकेतस्थळावर, बरंच आधी काढायचं. रांगेत माणूस घुसवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जाण्या-येण्याची, राहण्याची सोय मी करते. दर्शनाचं तिकीट तुमच्या हातात आल्यावरच बाकीचं ठरवू.

परदेश सहलीत एजंट नेमकं काय करतो?

पासपोर्ट काढणं तुमचं काम. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक लागते.

व्हिसाला मात्र एजंटचा खरा उपयोग होतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. शेवटच्या महिन्यावर टाकलात तर अपॉइंटमेंट मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात, ते पुढे ५९ महिने चालतात. आणि सीमाभागाची खास अडचण ही की अर्ज कुठल्या कचेरीच्या हद्दीत पडतो ते काही देशांच्या बाबतीत पत्त्याच्या राज्यावरून ठरतं. कोल्हापूरच्या तुमच्या मेव्हण्याचा अर्ज आणि तुमचा अर्ज वेगळ्या ठिकाणी जाऊ शकतो. मेव्हण्याबरोबर एकत्र जायचं म्हणून एकत्रच अर्ज करू, असं धरून चालू नका.

परदेश पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. तो दर अर्थसंकल्पांत बदलत आला आहे, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर बिलावर लिहून घ्या. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करात वळती होते किंवा परत मिळते. घरात जो विवरणपत्र भरतो, त्याच्या पॅनवर बुकिंग करा.

ओळखीच्या माणसाची गाडी स्वस्तात मिळते. घ्यावी का?

पाटी पिवळी असेल तर जरूर. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊन गोव्याला किंवा कोकणात उतरलात, तर तपासणीत अडकाल. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीलाही दुसऱ्या राज्यात जायचं परमिट आहे ना, ते विचारा. दर ठरवताना किलोमीटर कुठून मोजणार, रात्रीचा भत्ता किती, टोल कोणाचा, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी नको.

सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

विमान कंपनीने स्वतःच उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान, हा तुमचा हक्क. रेल्वेचं ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. हॉटेलांचं प्रत्येकाचं वेगळं, आणि दिवाळी, नाताळच्या दिवसांत बरीच हॉटेलं एक रुपया परत देत नाहीत. घरात कोणाचं बाळंतपण किंवा ऑपरेशन जवळ असेल तर मी रद्द करता येणारी खोलीच घ्यायला लावते, ती थोडी महाग असली तरी. अॅडव्हान्स देण्याआधी, किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार, ते कागदावर मागा.

एजंट विश्वासाचा आहे हे कसं ओळखायचं?

माझ्याच चुकीवरून सांगते. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी शहापूरच्या एका कुटुंबाला मनालीला पाठवलं. तिथली खोली आणि गाडी एका दिल्लीच्या घाऊक पुरवठादारामार्फत घेतली होती. रात्री नऊला फोन आला. मागे लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं आणि वहिनी सांगत होत्या की रिसेप्शनवाला म्हणतोय, तुमचे पैसे पोचलेच नाहीत. पुरवठादाराने माझ्याकडून पैसे घेऊन हॉटेलला दिलेच नव्हते. मी त्याच रात्री हॉटेलला दुसऱ्यांदा पैसे भरले. पुरवठादाराकडून ते कधीच आले नाहीत. ते कुटुंब आजही माझ्याकडे येतं, पण त्या मुलीचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक हॉटेलला तीन वेळा फोन करते: बुकिंगनंतर, आठवडाभर आधी आणि पोचायच्या दिवशी सकाळी. तुम्हीही करा. व्हाउचरवर हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर असतो. एजंटने दिलेल्या मोबाईलवर नको, हॉटेलचा फोन नंबर स्वतः शोधून त्यावर विचारा. विमानाचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या आणि पैसे फर्मच्या खात्यावर भरा, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नको. यातलं काही मागितल्यावर एजंट चिडला, तर उठून या.

फसवणूक झालीच तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असली तरी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिलं, चॅट, पैसे भरल्याच्या पावत्या सगळं जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर सायबर तक्रार करा.

बुकिंगला येताना काय आणायचं?

प्रत्येकाचं आधार किंवा पासपोर्ट, डॉक्टरांच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी, मुलांच्या सुट्ट्यांच्या तारखा, आणि मोबाईलवर आधी काढलेले दर असतील तर तेही. बजेट मोकळेपणाने सांगा. बजेट कळलं म्हणून मी दर वाढवत नाही. न कळलं तर मात्र चुकीची सहल सुचवते.

आणि ज्यांच्यासाठी सहल आहे त्यांना घेऊन या. मुलं पुण्या-बंगळूरहून फोनवर ठरवतात, हौसेने आणि प्रेमाने ठरवतात, पण आईला समुद्र बघायचा असतो आणि तिच्यासाठी बर्फ बुक होतो. आईला इथे खुर्चीवर बसू दे, नकाशावर बोट ठेवू दे. पायऱ्या अकरा आहेत. ज्यांना जमत नाहीत त्यांनी खालूनच फोन करावा, मी खाली येते.